दोन डोंगर, एक घोडा : स्वमग्न मुलांची चित्रे आणि त्यांचे वाचक

१

आपल्याकडच्या कोणत्याही प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या तासाला 'मनाला येईल ते काढा' असे सांगितले, तर बहुतेक मुले काय काढतील हे वर्गात न जाताही सांगता येते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून अर्धवट वर आलेला सूर्य, त्या सूर्याची काठ्यांसारखी किरणे, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंदावत येणारी नदी, काठावर एक कौलारू घर, एक नारळाचे झाड आणि आभाळात चाराच्या आकड्यासारखे पक्षी. कोकणातले मूल हे चित्र काढते आणि जिथे नजर पोचेल तिथवर सपाट रान आहे अशा मराठवाड्यातल्या गावचे मूलही हेच काढते. दोघांपैकी कोणीही अगदी असा देखावा पाहिलेला नसतो. त्यांनी तो एकमेकांकडून घेतलेला असतो. आणि तरीही या चित्राला आपण कौतुकाने मुलाचा 'आत्माविष्कार' म्हणतो.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवू. १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एका पाच वर्षांच्या मुलीने साध्या बॉलपेनने घोडा काढला. घोडा धावत आपल्या दिशेने येतो आहे. त्याची मान वळलेली आहे, पुढचे पाय अंगाला झाकतात, जवळचा भाग मोठा आणि दूरचा भाग लहान झालेला आहे. या मुलीला तेव्हा जेमतेम काही शब्द बोलता येत होते. ती स्वमग्न होती.

या दोन चित्रांपैकी 'स्व'चा आविष्कार कोणत्या चित्रात अधिक आहे, असा प्रश्न सहज विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नावर नसून तो विचारणाऱ्यांवर आहे. स्वमग्न मुलांच्या चित्रांचा इतिहास म्हणून जे आपल्यासमोर येते, तो बव्हंशी त्या चित्रांच्या वाचकांचा इतिहास आहे. मनोविश्लेषक, मानसशास्त्रज्ञ, पुराणमानवाचे अभ्यासक, पत्रकार आणि आईवडील अशा अनेकांनी गेल्या सत्तर वर्षांत ही चित्रे वाचली. त्यांनी काय वाचले आणि वाचताना काय नजरेआड केले, हे क्रमाने पाहण्याजोगे आहे.

२

मुलांची चित्रे जपून ठेवावीत, त्यांकडे गांभीर्याने पाहावे, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक या चित्रशिक्षकाने १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. तोवर शाळेतील चित्रकला म्हणजे नमुन्याबरहुकूम नक्कल असा प्रघात होता. चिझेकने मुलांना आपल्या मनातले काढू द्यावे असे सांगितले आणि 'बालकला' ही स्वतंत्र गोष्ट आहे हा विचार युरोपभर पोचवला. पुढे त्याच्या विद्यार्थ्यांची चित्रे एकमेकांसारखी आणि वर्गाच्या शैलीत बसणारी दिसतात, असा आक्षेप घेतला गेला. तो बाजूला ठेवला, तरी मुलाच्या आत काहीतरी दडलेले असते आणि चित्रातून ते बाहेर येते, ही समजूत तेव्हापासून दृढ झाली. 'आत्माविष्कार' या शब्दात आपण तीच समजूत मराठीत वागवतो.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहत होता. फ्रान्समध्ये जॉर्ज-आंरी ल्यूके याने १९२७ साली मुलांच्या चित्रांवर ग्रंथ लिहिला. मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला माहीत असते ते काढते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यावरही मूल दोन डोळे काढते, कारण माणसाला दोन डोळे असतात हे त्याला ठाऊक असते. आपले दोन डोंगर आणि सूर्य याच जातीचे आहेत. ते दृश्य नसून 'देखावा' या कल्पनेचे चिन्ह आहे.

अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ हिने १९२६ साली याच निरीक्षणाचे मोजमापात रूपांतर केले. मुलाला एक माणूस काढायला सांगायचे आणि मान आहे का, बोटे आहेत का, हात खांद्यापासून निघतात का, अशा ५१ मुद्द्यांवर गुण द्यायचे. गुणांवरून बुद्धीचे वय काढायचे. चित्र सुंदर आहे की नाही याच्याशी या चाचणीला कर्तव्य नव्हते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी ही चाचणी भारतीय मुलांसाठी नव्याने प्रमाणित केली आणि आपल्याकडच्या अनेक बालमार्गदर्शन केंद्रांत ती वापरली गेली. मतिमंद ठरवली गेलेली किंवा 'वेगळी' वाटणारी मुले तज्ज्ञांसमोर आली, की त्यांच्या हाती बहुधा पेन्सिल दिली जाई ती या हेतूने.

म्हणजे १९४०च्या आसपास मुलाच्या चित्राचे दोन उपयोग रूढ झाले होते. एक, आतले मन बाहेर काढणे. दोन, आतली बुद्धी मोजणे. दोहोंमध्ये एक गोष्ट समान होती. चित्र ही एक खिडकी आहे आणि आपण मोठ्यांनी तिच्यातून मुलाच्या आत डोकावायचे आहे, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते.

३

अशा काळात 'ऑटिझम' हा शब्द मुलांना चिकटला. तो घडवला स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे जगापासून दूर जाणे सांगण्यासाठी. त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ १९११ चा. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. अमेरिकेत लिओ कॅनर याने १९४३ साली अकरा मुलांवर निबंध लिहिला तेव्हा तोच शब्द उचलला. ही मुले रुग्णालयातील प्रौढांसारखी जगातून माघारी गेलेली नव्हती, ती आरंभापासून निराळ्या रीतीने जगाशी जोडलेली होती, हे कॅनरलाही दिसत होते. तरी शब्द तोच राहिला.

मराठीत त्याचे 'स्वमग्नता' झाले. भाषांतर म्हणून ते नेमके आहे, आणि त्यातला 'मग्न' हा शब्द तर मूळ शब्दाहून अधिक सहृदय आहे. आपण भजनात मग्न होतो, कामात मग्न होतो, मग्न असणे हा आपल्या भाषेत दोष नाही. पण अडचण पहिल्या अक्षरात आहे. फिरणाऱ्या पंख्याकडे तासभर पाहणारे मूल कशात मग्न असते? पंख्यात. रांगेत मांडलेल्या काड्यांत, नळाच्या धारेत, रेल्वेच्या वेळापत्रकात. 'स्व'मध्ये ते मग्न आहे असे म्हणायला काही पुरावा असतो का? ते आपल्यात मग्न नाही, एवढेच आपल्याला ठाऊक असते. आपल्याकडे नाही म्हणजे स्वतःकडे, असा हिशेब आपण परस्पर करून टाकतो.

'स्वमग्नता' आणि 'आत्माविष्कार' या दोन्ही शब्दांत आधी 'स्व' येतो, आणि पुढच्या काळातल्या वाचकांना चित्रांतही तोच शोधावासा वाटला, यात नवल नाही.

४

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण शिकागोचे आहे. तेथील विद्यापीठाशी संलग्न निवासी शाळेचे प्रमुख ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९५९ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात जोई नावाच्या मुलाची हकीकत लिहिली. हे नाव टोपणनाव होते. जोई स्वतःला यंत्र समजत असे. जेवायला बसण्यापूर्वी तो आपल्याला काल्पनिक तारांनी विजेशी जोडून घेई, कारण त्याच्या मते विजेवाचून त्याचे अंग चालणार नव्हते. लेखासोबत जोईची चित्रे छापली होती आणि ती एका क्रमाने लावली होती. पहिल्यात तो स्वतःला सर्व बाजूंनी बंद, पोकळीत लोंबकळणाऱ्या विद्युत्-बाळाच्या रूपात दाखवतो. नंतरच्यात आकृती मोठी होते. पुढे त्याला हात येतात. बेटेलहाइम यांनी या क्रमात एका बालकाचा यंत्राकडून माणसाकडे प्रवास वाचला.

वाचन हृद्य होते आणि साध्या वाचकाला पटणारे होते. पण चित्रांचा हा अर्थ एका सिद्धान्तावर उभा होता, आणि तो सिद्धान्त असा की, मूल असे होते याचे कारण त्याच्या आईचा थंडपणा. कॅनर यानेही आरंभी पालकांच्या शुष्कतेवर बोट ठेवले होते, मात्र १९६९ साली पालकांच्याच सभेत त्याने त्यांना उघडपणे दोषमुक्त केले. बेटेलहाइम यांनी आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. परिणामी जोईच्या चित्रातील प्रत्येक तार आईविरुद्धची साक्ष ठरली. एखाद्या मुलाला तारा, झडपा आणि मोटारी खरोखरच आवडत असतील, आणि तो त्या काढतो ते त्या सुंदर दिसतात म्हणून, ही शक्यता कुणी विचारात घेतली नाही. १९९०मध्ये बेटेलहाइम यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शाळेतील जुन्या विद्यार्थ्यांनी मारहाणीच्या तक्रारी मांडल्या आणि त्यांच्या बऱ्या झालेल्या मुलांच्या दाव्यांवर गंभीर शंका घेतल्या गेल्या. पण तोवर एका पिढीतील असंख्य आयांनी आपल्या मुलाच्या चित्राकडे आपल्याच गुन्ह्याचा पुरावा म्हणून पाहिले होते. चित्रवाचनाची चूक ही केवळ रसिकतेची चूक नसते, ती कुणाला तरी भोगावी लागते, याची आठवण म्हणून जोईची गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

५

१९६७ हे वर्ष या इतिहासात तीनदा येते. त्या वर्षी बेटेलहाइम यांचा 'द एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे रिकामा किल्ला, हा ग्रंथ आला. त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या मॅसॅच्युसेट्समधील आईने आपल्या मुलीविषयी 'द सीज', म्हणजे वेढा, हे पुस्तक प्रसिद्ध केले. आणि त्याच वर्षी नॉटिंगहॅममध्ये नादियाचा जन्म झाला.

किल्ल्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला पहिल्या दोन शीर्षकांतला फरक चटकन जाणवेल. दोन्ही रूपके एकच, पण एक लेखक म्हणतो की किल्ला रिकामा आहे. दुसरी म्हणते की मी त्याला वेढा घालून बसले आहे. रिकाम्या किल्ल्याला कोणी वेढा घालत नाही. वेढा घालणाऱ्याचा आत कोणीतरी आहे यावर विश्वास असतो, आणि किती दिवस बसावे लागेल हेही त्याने मनाशी ठरवलेले असते. क्लारा पार्क यांच्या कन्येकडे आपण शेवटी येऊ. आधी नादिया.

नादियाचे आईवडील युक्रेनमधून आलेले. ती साडेतीन वर्षांची असताना आई काही काळ रुग्णालयात होती. ती परतल्यावर नादिया अकस्मात चित्रे काढू लागली. बहुतेक मुले आधी गिरगोट्या, मग गोळे, मग काड्यांची माणसे, असा जिना चढतात. नादियाने तो जिना चढलाच नाही. चित्रांच्या पुस्तकातला घोडा किंवा कोंबडा ती एकटक पाहून ठेवी आणि काही दिवसांनी, पुस्तक समोर नसताना, डाव्या हाताने झरझर काढी. ती नक्कलही नसे, कारण दिशा बदललेली असे, आकार बदललेला असे, पायांची ठेवण निराळी असे. एकाच कागदावर एका प्राण्यावर दुसरा प्राणी काढायला तिची हरकत नसे. एरवी तिच्या हालचाली मंद आणि अवघडलेल्या होत्या, रेषा मात्र कधी चाचरत नसे.

१९७४च्या आरंभी, नादिया सहा वर्षांची असताना, आईने ही चित्रे नॉटिंगहॅम विद्यापीठात न्यूसन दांपत्याच्या बालविकास संशोधन केंद्रात नेली. तेथे शिकत असलेल्या लोर्ना सेल्फ या तरुण संशोधिकेने तिचा अभ्यास हाती घेतला. त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले आणि नादिया जगप्रसिद्ध झाली. सेल्फ यांचे स्पष्टीकरण ल्यूकेच्या विचाराला उलटे करून मांडलेले होते. इतर मुले 'घोडा' ही कल्पना काढतात, कारण शब्दांबरोबर कल्पना त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. नादियाकडे शब्द नव्हते, म्हणून कल्पनेचा पडदाही नव्हता. तिने घोडा जसा दिसला तसा काढला. थोडक्यात, आपले दोन डोंगर ही भाषेची देणगी आहे आणि नादियाचा घोडा हा भाषेच्या अभावाचा परिणाम आहे.

पुढे नादिया स्वमग्न मुलांच्या शाळेत गेली. तिच्या बोलण्यात थोडी भर पडली. याच काळात तिची आई कर्करोगाने वारली. आणि चित्रे आटली. अधूनमधून ती काही काढी, पण पूर्वीचा ओघ परत आला नाही. यावर लेखक नायजेल डेनिस याने १९७८मध्ये एका प्रदीर्घ परीक्षणात व्यथित होऊन विचारले की, असामान्य प्रतिभा काढून घेऊन बदल्यात सामान्य क्षमतेचा एक तुकडा हातावर ठेवणे, याला उपचार कसे म्हणावे? हा प्रश्न पुढे अनेकांनी उचलला. भाषा द्या आणि रेषा घ्या, असा एक सौदा जणू निसर्गाने नादियाशी केला, अशी कथा रूढ झाली.

ही कथा ऐकायला जितकी गोळीबंद आहे तितकी खरी नाही. नादियाला फारशी भाषा मिळालीच नाही. मोठेपणीही तिचे बोलणे तुटपुंजेच राहिले. सेल्फ यांनी २०११ साली तिच्यावर पुन्हा पुस्तक लिहिले, आणि २०१५मध्ये नादियाचे निधन झाले. तिची चित्रे कुणी बंद पाडली नव्हती. आणि ज्या बाईने ती चित्रे जपली, विद्यापीठापर्यंत वाहून नेली, जिच्या परतण्याबरोबर ती सुरू झाली होती, ती बाई या जगात राहिली नव्हती. चित्रे का थांबली याचे उत्तर यात आहे असा दावा मी करणार नाही. पण भाषेच्या सौद्यावर इतकी शाई खर्च झाली असताना या मृत्यूचा उल्लेख बहुतेक ठिकाणी जाता जाता येतो, ही गोष्ट बोलकी आहे.

सेल्फ यांच्या मूळ पुस्तकात आणखी एक नोंद आहे, तीही अशीच दुर्लक्षित राहिली. चित्र झाले की नादिया मागे सरून त्याकडे डोके हलवत निरखून पाही. मग बहुधा हसे, काहीतरी बडबडे आणि आनंदाने हात व गुडघे हलवी. मेंदूविषयीच्या एकाही सिद्धान्ताला या हसण्याची गरज पडली नाही.

६

नादियाच्या चित्रांचे पुढचे वाचक आणखी दूरचे होते. डिसेंबर १९९४मध्ये फ्रान्समध्ये शोव्हे गुहा सापडली. तीस हजार वर्षांहून जुने घोडे, सिंह आणि गेंडे तिच्या भिंतींवर आहेत. १९९८ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी ही चित्रे आणि नादियाची चित्रे शेजारी ठेवली. तोच जिवंतपणा, तेच एकावर एक काढणे, माणसाच्या आकृतीबद्दल तीच अनास्था. गुहेतील चित्रकाराला आपल्यासारखे प्रतीकात्मक मन होते असा निष्कर्ष आपण काढतो, पण नादिया सांगते की अशा चित्रांना त्या मनाची गरज नसते, असा त्यांचा युक्तिवाद. एक खबरदारीची सूचना म्हणून त्याचे मोल आहे. तथापि यात नॉटिंगहॅमच्या एका मुलीला मानवजातीच्या बालपणीचा नमुना व्हावे लागले, हेही खरे.

दरम्यान दुसऱ्या एका मुलाने सौद्याची कथा जवळजवळ खोटी पाडली होती. स्टीफन विल्टशायर हा १९७४ साली लंडनमध्ये कॅरिबियन कुटुंबात जन्मला. लहानपणी तो बोलत नसे. चित्रे मात्र सतत काढी, आधी प्राणी, मग बसगाड्या, मग इमारती. त्याच्या शाळेतील शिक्षकांनी मुद्दाम चित्राचे साहित्य काढून ठेवले, म्हणजे त्याला ते मागावे लागेल. अखेर त्याने तोंडातून शब्द काढला : 'कागद'. पुढे तो बोलायला शिकला आणि रेषा कुठेही गेली नाही. १९८७ साली बीबीसीने त्याच्यावर कार्यक्रम केला, तेव्हा ज्येष्ठ वास्तुविशारद ह्यू कॅसन यांनी तो कदाचित ब्रिटनमधला सर्वोत्तम बालचित्रकार असेल असे म्हटले. पुढे त्याने कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले. २००५ साली टोकियोवरून हेलिकॉप्टरमधून छोटी फेरी मारून त्याने दहा मीटर लांबीच्या कागदावर ते शहर आठवणीतून काढले. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर दिलेल्यांना या कामाची थोडीफार कल्पना येईल.

ऑलिव्हर सॅक्स यांनी १९९५ साली स्टीफनवर एक विस्तृत निबंध लिहिला. तो प्रेमाने लिहिलेला आहे, पण त्यातही एक शंका पुन्हा पुन्हा डोके वर काढते : एवढ्या कौशल्यामागे 'कोणी' आहे का? या रेषांना स्वत्व आहे का? विद्याव्यासंगी, सहृदय सॅक्स यांनाही ही शंका का यावी? कारण चित्रात इमारत होती आणि त्यांना चित्रकार हवा होता.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतूनही बराच काळ उणिवेचीच भाषा आली. उटा फ्रिथ यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकात मांडले की, स्वमग्न व्यक्ती तपशील टिपतात, पण तपशिलांची मोट बांधून एकसंध अर्थ करण्याकडे त्यांचा कल कमी असतो. मॉन्ट्रियलच्या लोराँ मोत्राँ आणि सिल्वी बेलव्हील यांनी १९९३ साली एका स्वमग्न प्रौढ रेखाटनकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो आधी बाह्याकृती आणि मग तपशील असे न करता कुठल्याही भागापासून आरंभ करी आणि शेजारच्या भागाकडे सरकत जाई, तरी सगळे नीट जमे. मोत्राँ यांनी पुढे ही गोष्ट उणीव म्हणून न सांगता पाहण्याची एक वेगळी, काही बाबतींत अधिक समर्थ रीत म्हणून सांगितली. हा बदल लहान नाही. तरीही वाचक चित्रातून मेंदूकडेच पाहत राहिला.

७

आता क्लारा पार्क यांच्या मुलीकडे येऊ. जेसी पार्क १९५८ साली जन्मली. 'द सीज'मध्ये तिला 'एली' म्हटले आहे. २००१ साली आईने तिच्यावर दुसरे पुस्तक लिहिले, 'एक्झिटिंग निर्वाना', तेव्हा जेसी चाळिशी ओलांडलेली चित्रकार होती आणि गावातील महाविद्यालयाच्या टपालखोलीत नोकरीही करत होती. तिची चित्रे अॅक्रिलिक रंगातली. घरे, पूल, दुकाने. प्रत्येक वीट आणि खिडकी मोजून काढलेली, पण रंग कधी कुणी पाहिले नसतील असे. वर रात्रीचे आकाश, आणि त्यात खरी नक्षत्रे खऱ्या जागी. विजेवर चालणारे हीटर, त्यांच्या तबकड्या, हे तिचे जुने आवडते विषय. शिकागोत जोईच्या यंत्रांतून आईवरचे आरोपपत्र वाचले गेले होते, त्याच जातीची यंत्रे इथे एका आईने मुलीची आवड म्हणून घरात येऊ दिली.

क्लारा पार्क या साहित्याच्या अध्यापिका होत्या. प्रतीके शोधणे त्यांना सहज जमले असते. पण त्यांनी पुस्तकात जे लिहिले ते रोमँटिक कल्पनेला धक्का देणारे आहे. तरुणपणी मध्यंतरी सुटलेली चित्रकला जेसीने पुन्हा धरली यामागे पैशाची ओढ मोठी होती. चित्र दिले की धनादेश मिळतो आणि बँकेच्या पुस्तकातला आकडा वाढतो. जेसीला आकड्यांचे प्रेम होते. म्हणजे 'आतले मन बाहेर येण्या'ची वाट कोणी पाहत बसले नव्हते. चित्र हा जेसी आणि इतर माणसे यांच्यामधला व्यवहार होता, आणि अशा व्यवहारातून ती कुणाला काय हवे हे ऐकायला, मुदत पाळायला, कौतुक स्वीकारायला शिकली. हे सर्व हिशेबी वाटले, तर आपल्या संतांपासून शाहिरांपर्यंत किती कलावंतांना ऐकणारा समोर लागत होता हे आठवावे.

इथवरच्या घटना एकत्र ठेवल्या तर काही गोष्टी ठळक होतात. पहिली अशी की, या 'स्वमग्न' मुलांच्या चित्रांत 'स्व' जवळजवळ नाही. घोडे आहेत, इमारती आहेत, हीटर आहेत, तारे आहेत. जगाकडे एवढ्या निष्ठेने पाहणाऱ्यांना आपण स्वतःत बुडालेले म्हणतो. दुसरी अशी की, चित्र जिथे टिकले आणि वाढले तिथे शेजारी कोणीतरी होते. कागद मागायला लावणारा शिक्षक होता, वेढा घालून बसलेली आई होती. नादियाच्या शेजारचे माणूस गेले. आविष्कार ही आत साठलेली वस्तू नसते, ती दोघांच्या मध्ये घडते. घेणारा नसेल तर तिला आविष्कार तरी का म्हणावे?

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली, स्वतः स्वमग्न व्यक्ती म्हणून, या गोष्टीला तात्त्विक रूप दिले. स्वमग्न माणूस इतरांना ओळखू शकत नाही असे सांगितले जाते. पण इतर तरी त्याला कुठे ओळखतात? न समजण्याचा दोष दोन्हीकडे विभागलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. सत्तर वर्षांचे चित्रवाचन या म्हणण्याला भरपूर पुरावा देते.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. नादिया आणि स्टीफन यांच्यामुळे प्रत्येक स्वमग्न मुलात दडलेला चित्रकार शोधण्याची नवी घाई आली आहे. बर्नार्ड रिमलँड यांनी १९७८ साली पालकांकडून मिळवलेल्या माहितीत कोणतेही विशेष कौशल्य असलेली मुले सुमारे दहा टक्के होती, आणि त्यांत संगीत, गणित, पाठांतर हे सगळे आले. म्हणजे दहांतली नऊ मुले असे काही करत नाहीत. त्यांतली काही फक्त गोल गोल गिरवतात. काही कागद फाडतात. काही एकच बसगाडी शंभर वेळा काढतात. काही तर शाळेत शिकून दोन डोंगर आणि सूर्यही काढतात, आणि त्यांच्या आईला तो दिवस सणासारखा वाटतो. या चित्रांवर कोणी पुस्तक लिहिणार नाही.

त्यांच्या बाबतीत काय करावे, याचे उत्तर या इतिहासातून निघते ते फार साधे आहे. शंभरावी बसगाडी पुढे आली की ती मुलाच्या मनाविषयी काय सांगते हे लगेच विचारू नये. बस पाहावी. तिचा क्रमांक वाचावा. कोणत्या मार्गावरची आहे ते विचारावे, आणि उत्तर नाही आले तर जवळ बसून राहावे. कदाचित मूल मागे सरून चित्राकडे बघेल आणि हसेल. नादियाही हसत असे. त्या वेळी तिच्या बाजूला बसून घोड्याकडे पाहणारे जे कोणी असेल, त्याने ते चित्र बरोबर वाचले असे म्हणायला हरकत नाही.